आमची माणसं कुठं गेली, परत भेटणार काय? – वाचकांचे प्रश्न आणि ताईंची उत्तरं

ऑक्टोबर सरत आला की या सदराकडं एकाच विषयाची पत्रं जास्त यायला लागतात. २ नोव्हेंबर, म्हणजे आमच्याकडं गेलेल्या माणसांची आठवण करायचा दिवस, जवळ आलेला असतो, लोक सिमेट्रीत जाऊन कबरीवरचं गवत काढतात, चुना मारतात, क्रूसावरची पुसट झालेली नावं काळ्या रंगानं परत लिहितात, आणि हात कामात असताना मनात जे जे येतं ते मग मला लिहून पाठवतात. यंदा खानापूर, निपाणी, चिकोडी, कागवाड, बेळगाव शहर, सगळीकडनं आलंय, काहीजणांनी व्हॉट्सअॅपवर बोलून पाठवलंय ते मी ऐकून लिहून काढलं. नावं दिलेली नाहीत, तालुका नाहीतर गल्ली तेवढी ठेवलीय. मी स्वतः कॅथलिक आहे, खरं पत्रं मेथडिस्ट, पेंटेकोस्टल अशा प्रॉटेस्टंट घरांतनंही येतात आणि काही हिंदू घरांतनंही, त्यामुळं जिथं आमच्या आमच्यात मतं वेगळी आहेत तिथं तसं सांगूनच पुढं जाते.

प्रश्न : जय येशू ताई. माझे मालक जाऊन चार महिने होत आले. मातीच्या दिवशी मी रडायला लागले तर आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपमधल्या बायकांनी मला धरून गप्प केलं, ते प्रभूकडं गेलेत, आनंद करायचा, रडणं म्हणजे विश्वास कमी असं म्हणाल्या. तेव्हापासनं मी कुणासमोर रडतच नाही, रात्री मोरीत जाऊन नळ सोडून रडते. माझा विश्वास खरंच कमी आहे काय? – एक बहीण, खानापूर तालुका

उत्तर : ताई, तुमचा विश्वास कमी नाही आणि नळ सोडून रडायची तुम्हाला काही गरज नाही, हे आधी सांगून टाकते, बाकीचं नंतर.

योहानाच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय काढा. लाजरला कबरीत ठेवून चार दिवस झालेत. मार्था प्रभूला सामोरी जाते आणि सरळ बोलते, तुम्ही इथं असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळानं मरिया येते, तीही तेच बोलते. मला दरवेळी वाचताना वाटतं की दोघी बहिणी चार दिवस घरात बसून एकमेकीला हेच म्हणत असणार, म्हणून दोघींच्या तोंडात एकच वाक्य आलं. प्रभू त्यांच्यावर रागावला नाही. उलट अशा तक्रार करणाऱ्या मार्थालाच त्यानं ते एवढं मोठं वचन दिलं, ‘पुनरुत्थान व जीवन मीच आहे’. आणि त्याच्या पुढं दहाच ओव्या गेल्या की लिहिलंय, ‘येशू रडला’. थोड्या वेळात आपण लाजरला हाक मारून बाहेर काढणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं, तरी तो रडला. ज्याच्या हातात पुनरुत्थान आहे तोच रडतोय तर तुम्हाला गप्प बसवणारे आपण कोण?

पहिल्या मंडळीत पण असंच होतं. स्तेफनाला धोंडमार करून मारलं तेव्हा भक्तिमान माणसांनी त्याला पुरलं आणि त्याच्यासाठी फार शोक केला असं प्रेषितांची कृत्ये यात आहे, भक्तिमान माणसांनी, लक्षात घ्या. यापो गावात टबीथा नावाची बाई गेली, विधवांना कपडे शिवून द्यायची ती. पेत्र आला तर सगळ्या विधवा त्याच्याजवळ उभ्या राहून रडत होत्या आणि तिनं शिवलेले अंगरखे त्याला दाखवत होत्या. हे बघा तिनं शिवलेलं, हे बघा. आपल्याकडं मातीला आलेल्या बायका करतात तसंच की हे. पेत्रानं त्यांना बाहेर जायला सांगून प्रार्थना केली, खरं रडता कशाला म्हणून बोलला नाही.

त्या बायकांनी जे वचन धरलंय ते मला माहीत आहे, थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्रातलं, ४ था अध्याय. तिथं प्रेषित पौल म्हणतो की ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नका. ते अर्धं तोडून ‘खेद करू नका’ एवढंच घेतलं की दुःखात असलेल्या माणसाच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं होतं. पौल हे त्यांना धीर द्यायला लिहीत होता, धाक घालायला नाही. आणि हाच पौल करिंथकरांना मरणाला शेवटचा शत्रू म्हणतो. मरण चांगलं आहे, गोड आहे, त्याचं स्वागत करा असं आमचा धर्म कुठंच सांगत नाही. शत्रूनं घरात शिरून माणूस ओढून नेलाय, त्यावर रडणं साहजिक आहे, आणि तो शत्रू शेवटी हरणार हा आपला विश्वास. दोन्ही एकाच बाईच्या मनात एकाच रात्री राहू शकतं.

मला विचाराल तर त्याच बायकांना एकदा चहाला बोलवा आणि मालकांबद्दल बोला, लग्न कसं जमलं, पहिला पगार कुठं खर्च केला, काय खायला आवडायचं, काय बोलायचे. त्यांचे कपडे, चप्पल, सायकल देऊन टाका म्हणून कुणी घाई करायला लागलं तर ऐकू नका, तुमचं मन तयार होईल तेव्हा द्या. आणि तुमच्या सासूबाईंचा मुलगा गेलाय. दोघींनी एका खोलीत बसून रडा की, वेगवेगळ्या मोऱ्यांत कशाला.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचे पप्पा मे महिन्यात वारले. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की मला पुरू नका, दहन करा, सिमेट्रीत जागेची ओढाताण आहे ती माझ्यामुळं वाढायला नको. आम्ही तसंच केलं, आधी चर्चमध्ये मिस्सा (उपासना) झाली. आता आत्या म्हणायलीय की हाडंसुद्धा राहिली नाहीत तर शेवटल्या दिवशी माझा भाऊ उठणार कशातनं. अस्थी घरात कपाटात आहेत. शेजारचे काका म्हणतात नरसोबाच्या वाडीला नेऊन सोडा, गोव्यातला भाऊ म्हणतो अर्ध्या मला दे. आम्ही पाप केलंय काय? – कॅम्प, बेळगाव

उत्तर : पाप केलेलं नाही. पप्पांनी दुसऱ्यांचा विचार करून सांगितलं आणि तुम्ही त्यांचं ऐकलं. आत्याचं म्हणणंही मी हलक्यात घेत नाही, तिच्या मागं शेकडो वर्षांची सवय आहे आणि भावाची माया आहे.

पुरण्याची पद्धत आमच्यात आली ती ख्रिस्त स्वतः कबरीत ठेवला गेला म्हणून. देह म्हणजे टाकून द्यायचं कवच नाही, ह्याच देहावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं, ह्याच तोंडानं ख्रिस्तशरीर घेतलं, ह्याच हातानं पोरांना भरवलं. म्हणून आमच्याकडं मिस्सेत पेटीजवळ पास्काची, म्हणजे ईस्टरची, मेणबत्ती लावतात, पेटीवर पवित्र पाणी शिंपडतात, धूप देतात. आपला विश्वास आत्मा सुटला आणि देह गेला एवढ्यावर थांबत नाही, प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, आपण दर रविवारी देहाचं पुनरुत्थान म्हणतो. आत्याला हेच टोचतंय आणि ते बरोबर ठिकाणी टोचतंय. चुकतंय ते पुढं, देव उठवणार तो आपण काय शिल्लक ठेवलंय ते बघून उठवणार असं तिला वाटतंय.

इ.स. १७७ मध्ये आजच्या फ्रान्समधल्या लियों शहरात ख्रिस्ती लोकांचा फार छळ झाला. नव्वदी ओलांडलेले तिथले बिशप पोथिनस तुरुंगात मेले, ब्लांडिना नावाची गुलाम मुलगी होती ती शेवटपर्यंत हटली नाही. मारल्यावर त्यांची प्रेतं सहा दिवस उघड्यावर ठेवली, पहारा बसवला, कुणाला पुरू दिलं नाही, मग जाळली आणि राख झाडून रोन नदीत सोडली. का? तर हे लोक पुन्हा उठणार म्हणतात, त्या आशेवर मरणाला घाबरत नाहीत, बघू आता कसे उठतात. हे सगळं तिथल्या मंडळीनं पत्र लिहून दुसऱ्या मंडळ्यांना कळवलं आणि ते पत्र चर्चच्या जुन्या इतिहासात जपून राहिलंय. आता आत्याला विचारा, ब्लांडिना उठणार नाही काय? राख नदीत सोडून देवाचा हात आखडतो असं ज्यांना वाटलं ते तिला मारणारे होते. समुद्रात बुडालेले, आगीत गेलेले, रानात हरवलेले, ज्यांची कबर कुठंच नाही अशा सगळ्यांना उठवणारा देव एकच आहे.

करिंथच्या लोकांनीही पौलाला हाच प्रश्न घातला होता, मेलेले उठतात कसे आणि कसल्या देहानं येतात. पौलानं बियाण्याचं उदाहरण दिलं. आपल्या खानापूर भागात मेअखेरीला धूळवाफ पेरणी करतात, पाऊस अजून आलेला नसतो, तापलेल्या कोरड्या मातीत भात टाकतात. महिन्यानं तिथं उकरून बघितलं तर पेरलेला दाणा दाणा म्हणून सापडत नाही, सापडलंच तर फोलपट. आणि वर आलेलं रोप काही मोठा झालेला दाणा नसतो, दिसायला अगदी वेगळं, खरं त्याच दाण्याचं. पौल म्हणतो तुम्ही पेरता ते पुढं होणारं अंग नव्हे, नुसता दाणा पेरता, अंग देव देतो. हा १५ वा अध्याय घरी मोठ्यानं वाचा, आत्याला शेजारी बसवून.

आता नियमाचं. कॅथलिक चर्चनं १९६३ मध्ये दहनाला परवानगी दिली, पुनरुत्थान नाकारायच्या हेतूनं केलेलं नसावं एवढीच अट. पुरण्यालाच चर्च अजून पहिली पसंती देतं ही गोष्ट खरी. २०१६ मध्ये रोमहून जी सूचना आली तिच्यात अस्थींचं स्पष्ट लिहिलंय, त्या पवित्र जागी, म्हणजे सिमेट्रीत किंवा चर्चनं ठरवून दिलेल्या ठिकाणी ठेवायच्या, घरात ठेवायच्या नाहीत, वाटून घ्यायच्या नाहीत, नदीत, समुद्रात, हवेत सोडायच्या नाहीत. २०२३ च्या डिसेंबरमध्ये थोडी ढील दिली, मयत माणसाच्या आयुष्यात महत्त्वाच्या असलेल्या एखाद्या ठिकाणी थोडासा भाग ठेवायला चर्चचे अधिकारी विचार करून परवानगी देऊ शकतात. म्हणजे भावाला म्हणावं अर्ध्याचा हट्ट सोड, फारच मनात असेल तर फादरकडनं रीतसर विचारून घे. शेजारच्या काकांनी मायेनंच सांगितलं असणार, त्यांच्या घरात तसं करतात, त्यांना नीट समजावून सांगा, वाईट वाटून घेऊ नका. कलश मात्र कपाटातनं काढा. आजी-आजोबांची कबर सिमेट्रीत असेल तर तिच्यातच पुरायला मिळतं काय ते पॅरिश ऑफिसात विचारा, नवीन जागाही लागणार नाही आणि पप्पांचीही इच्छा राहील. तिथं नाव घाला, तारखा घाला. आत्याला जाऊन बसायला एक जागा पाहिजे, तिचं अर्धं दुःख त्याचंच असेल.

प्रश्न : ताई, माझी आई २०२१ ला कोविडमध्ये गेली. आम्हाला शेवटचं तोंडपण बघायला मिळालं नाही, पीपीई घातलेल्या माणसांनी नेऊन पुरलं, मी गेटबाहेर उभा होतो. आता मी इंजिनिअरिंगला आहे, मित्र म्हणतात स्वर्ग वगैरे मनाच्या समाधानासाठी असतं. आई आत्ता कुठं आहे, झोपलीय का प्रभूजवळ आहे? आणि येशू उठला हे खरं कशावरनं? – निपाणी

उत्तर : बाळ, आधी गेटबाहेरचं. त्या दिवशी तुझ्या आईला एकटीला पाठवलं असं तुला अजून वाटत असणार. पेटीजवळ तू नव्हतास, खरं ती एकटी नव्हती. ‘मरणाच्या सावलीच्या खोऱ्यातून’ जाताना तू माझ्याबरोबर आहेस असं २३ व्या स्तोत्रात आहे, ते मातीला आलेल्या नातेवाइकांसाठी नाही लिहिलेलं, जाणाऱ्या माणसासाठी आहे. आणि दफनाच्या वेळची प्रार्थना राहून गेली म्हणून काही कायमचं हुकलं असं धरू नकोस. फादर किंवा पास्टर, जे कोण तुमचे असतील, त्यांना कबरीवर नेऊन आता प्रार्थना करून घे. माझ्या माहितीत बऱ्याच घरांनी केलंय.

आत्ता कुठं आहे म्हणशील तर, वधस्तंभावर शेजारी टांगलेल्या चोराला प्रभूनं ‘तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील’ असं सांगितलं, आज. पौल फिलिप्पैकरांना लिहितो की इथनं सुटून जाऊन ख्रिस्ताजवळ असावं ही मला फार इच्छा आहे. म्हणून माझं उत्तर हेच की आई प्रभूच्या हातात आहे, हरवलेली नाही, विझलेली नाही. शास्त्रात गेलेल्यांना झोपलेले पण म्हटलंय, त्यावरनं काही ख्रिस्ती लोक मानतात की शेवटल्या दिवसापर्यंत त्यांना काही जाणीव नसते. कॅथलिक आणि बहुतेक प्रॉटेस्टंट तसं मानत नाहीत. खरं एक गोष्ट सगळ्यांची एकच आहे, आत्ताची स्थिती हा शेवट नव्हे. शेवट म्हणजे नवं आकाश, नवी पृथ्वी आणि देहासकट उठलेली माणसं. ढगावर बसून कायमचं गात राहणं असलं चित्र आपण कॅलेंडरवर बघतो, बायबलमधली आशा त्यापेक्षा कितीतरी भरीव आहे.

खरं कशावरनं? गणितासारखं सिद्ध करून दाखवता येणार नाही, मित्रांना तसं सांगूही नकोस. काय सांगता येतं ते बघ. पौलानं करिंथकरांना पहिलं पत्र लिहिलं ते इ.स. ५५ च्या आसपास, म्हणजे वधस्तंभाला जेमतेम २५ वर्षं. त्यात तो साक्षीदार सांगतो, केफा म्हणजे पेत्र, बारा जण, याकोब, आणि एकाच वेळी ५०० पेक्षा जास्त बंधू, आणि वर लिहितो की त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. जाऊन विचारा असंच झालं की ते. दुसरं, रिकामी कबर पहिल्यांदा बघितली ती बायकांनी, मग्दालिया मरियेनं आणि तिच्या सोबतिणींनी. त्या काळच्या समाजात बायकांच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, गोष्ट रचायचीच असती तर पेत्राला नाहीतर योहानाला पहिलं पाठवलं असतं. लूक तर लपवतपण नाही, बायकांचं बोलणं प्रेषितांना बडबड वाटली असं लिहून ठेवलंय त्यानं. तिसरं, जे पळून गेले होते, दारं लावून बसले होते, तीच माणसं पुढं याच एका गोष्टीसाठी मार खायला, तुरुंगात जायला, मरायला तयार झाली. ज्यानं जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हटलं तो थोमा तर आपल्या भारतात आला अशी चर्चची जुनी परंपरा आहे, चेन्नईतल्या मैलापूरला त्याची कबर दाखवतात.

मनाच्या समाधानासाठी म्हणतात ना, तर समाधान पाहिजे असतं तर शिष्यांना येशू थोर होता, त्याच्या आठवणी राहिल्या, एवढ्यावर भागलं असतं. भुतासारखं काही दिसलं असंही सांगता आलं असतं. ते सांगत बसले की त्यानं आमच्यासमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खाल्ला.

प्रश्न : ताई, माझी आजी, आईची आई, हिंदू होती. कार्तिकीला पंढरपूरला जायची, दारात आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायची नाही. बाप्तिस्मा झालेला नव्हता. आमच्या इथं एकजण कन्व्हेन्शनला बोलले की असे सगळे नरकात जातात. मी त्या दिवसापासनं प्रार्थनेलाच जायला नको म्हणतेय. – चिकोडी तालुका

उत्तर : प्रार्थनेला जा. ज्याच्याशी भांडायचंय त्याच्याशी बोलणं बंद करून कसं चालेल.

कुणाच्या आजीला नरकात पाठवायचा अधिकार स्टेजवर माईक धरलेल्या माणसाला नाही. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये चर्चची शिकवण सांगितली की ज्यांना स्वतःच्या काही दोषाशिवाय ख्रिस्ताचं शुभवर्तमान कळलं नाही, खरं जे मनापासनं देवाला शोधतात आणि आपल्या विवेकबुद्धीप्रमाणं वागायचा प्रयत्न करतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. तारण ख्रिस्ताकडनंच मिळतं हे आम्ही सोडत नाही, तो कुणाकुणापर्यंत कुठल्या वाटेनं पोचतो याचा नकाशा आमच्याकडं नाही एवढंच. बरेच प्रॉटेस्टंट भाऊबहिणी हे मान्य करत नाहीत, त्यांच्या मते जिवंतपणी तोंडानं विश्वास कबूल केलेला असला पाहिजे, त्यांच्याकडंही वचनं आहेत आणि ते ती प्रामाणिकपणे मानतात.

मी मात्र मत्तयाच्या २५ व्या अध्यायाकडं परत परत जाते. मी भुकेला होतो, मला खायला दिलं, परका होतो, घरात घेतलं. त्यात उजवीकडच्या माणसांना आश्चर्य वाटतं, प्रभू, आम्ही तुला कधी बघितलं म्हणतात. त्यांना माहीतच नव्हतं की आपण कुणाला वाढत होतो. तुझ्या आजीचं जेवल्याशिवाय न सोडणं मला तिथं बसलेलं दिसतं. आणि अब्राहामानं देवाशी केलेला वाद आठव, सर्व जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय? तिला त्याच्या हाती सोड, तुझ्यापेक्षा त्याची तिच्यावर जास्त माया आहे. तिचं नाव घेऊन प्रार्थना कर, कुणाला विचारायची गरज नाही.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावानं कर्जाच्या टेन्शनमध्ये स्वतःचा जीव घेतला. लोक म्हणायलेत अशांना मिस्सा नसते, चर्चच्या जागेत पुरायचं नसतं, आत्मा भटकतो. आई जेवत नाही. – कागवाड तालुका

उत्तर : दादा, आईला हे आजच वाचून दाखवा. १९१७ च्या चर्चच्या कायद्यात समजून उमजून जीव दिलेल्यांना दफनविधी नाकारायचा नियम होता, लोकांच्या तोंडात अजून तोच आहे. १९८३ च्या कायद्यात तो नियम राहिला नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात स्पष्ट आहे की मनाचा मोठा आजार, भयंकर भीती, यातना यामुळं माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा माणसांच्या तारणाची आशा आपण सोडायची नाही, चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. भावाची मिस्सा होते, पवित्र जागेत दफनही होतं. आणि आत्मा भटकतो असं आमच्या विश्वासात नाहीच, तो देवाच्या समोर आहे, गावाच्या वेशीवर नाही.

शेवटच्या क्षणी त्याच्या मनात काय झालं ते देवाला माहीत आहे, आपल्याला नाही, आणि तो क्षण देवाच्या हाताबाहेरचा नव्हता.

आईजवळ रात्री कुणीतरी झोपत जा. त्यांना किंवा तुम्हाला स्वतःला जगणं नको वाटायला लागलं तर फादरशी बोला आणि डॉक्टरला दाखवाच, दोन्ही करा, एक केलं म्हणून दुसरं सोडू नका. सरकारचा टेली-मानस नंबर आहे १४४१६, पैसे लागत नाहीत, रात्री अपरात्री लावला तरी चालतो, मराठीत आणि कन्नडात बोलता येतं. कर्ज देणारा दारात आला तर आईला एकटीला पुढं करू नका, घरातल्या दोघांनी बसून कागद बघा.

प्रश्न : सून मेथडिस्ट घरातली. मेलेल्यांसाठी प्रार्थना करायची नसते म्हणते, २ नोव्हेंबरला सिमेट्रीत यायला तयार नाही. मुलगा मधी सापडलाय. – शहापूर, बेळगाव

उत्तर : काकू, सून हट्टी आहे असं धरू नका, तिला लहानपणापासनं तसंच शिकवलंय. मेलेल्यांसाठी प्रार्थना केल्याचं वर्णन मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात आहे, १२ वा अध्याय, यहूदा मक्काबी या सेनापतीनं लढाईत पडलेल्या सैनिकांसाठी वर्गणी काढून यरुशलेमला पाठवली. ते पुस्तक आपल्या बायबलमध्ये आहे, तिच्यात नाही. तिनं वाचलेलंच नसणार. शिवाय प्रॉटेस्टंट चळवळ ज्यानं सुरू केली त्या मार्टिन ल्युथरच्या काळात मेलेल्यांच्या नावानं पैसे गोळा करायचा जो बाजार झाला त्याची चीड त्यांच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि ती चीड रास्त होती. आपण २ नोव्हेंबर पाळतो ते फ्रान्समधल्या क्लूनीच्या मठाचे प्रमुख ओदिलो यांनी साधारण हजार वर्षांपूर्वी सुरू केलेल्या रीतीप्रमाणं. आपलं म्हणणं एवढंच की माया मरणानं तुटत नाही, जिवंत असताना एकमेकांसाठी प्रार्थना करत होतो ती पुढं चालू ठेवतो, जाणाऱ्याला प्रभूसमोर उभं राहायच्या आधी जे काही शुद्ध व्हायचं राहिलंय ते देव करून घेवो म्हणून.

तिला म्हणा, तू मेलेल्यांसाठी प्रार्थना करू नकोस, सासऱ्यांबद्दल देवाचे आभार मान आणि योहान ११ वाच. त्याला तिची काहीच ना नसेल. तुम्ही तुमची रोझरी, मरियेच्या प्रार्थनेची माळ, म्हणा. फुलं दोघींनी मिळून निवडा. एवढं झालं तरी पुष्कळ झालं, यंदा नाही आली तर पुढच्या वर्षी येईल, तिच्या अंगावर जाऊ नका.

प्रश्न : माझं दुसरं लग्न झालंय, पहिले मालक आजारानं गेले. आताचे पण चांगले आहेत. वर गेल्यावर मी कुणाची? ओळख तरी राहील काय? – टिळकवाडी

उत्तर : ताई, तुमचाच प्रश्न पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी लोकांनी प्रभूला अडवायला म्हणून विचारला होता, सात भावांची एक बायको झाली तर ती शेवटी कुणाची. तुम्ही तळमळीनं विचारलाय. प्रभू म्हणाला पुनरुत्थानात लग्न करत नाहीत आणि करून देत नाहीत. काहीजणींना हे वाचून वाईट वाटतं, संसार पुसून टाकला असं वाटतं. मी असं समजते की तिथं कुणी कुणाच्या मालकीचं नसेल, आणि एकावर केलेल्या मायेमुळं दुसऱ्याचं काही कमी होणार नाही. इथं आपल्याला दोघांना एकदम धरून ठेवता येत नाही म्हणून तुम्हाला चोरी केल्यासारखं वाटतंय, तसं वाटून घेऊ नका.

ओळख राहते. कबरीच्या बागेत मरियेला आधी तो माळी वाटला, ‘मरिये’ म्हणून हाक मारल्याबरोबर तिनं ओळखलं. अम्माऊसच्या वाटेवरच्या दोघांनी भाकर मोडताना ओळखलं. हातापायांवर जखमांच्या खुणापण तशाच होत्या, म्हणजे इथं जे भोगलं, इथं ज्यांच्यावर माया केली, ते पुसून जात नाही.

पहिल्या मालकांच्या वर्षाची मिस्सा सांगायची असेल तर आताच्या मालकांपासनं लपवून सांगू नका, त्यांना बरोबर घेऊन जा, आणि मिस्सेच्या वहीत नाव स्वतःच्या हातानं लिहा.